पानं नशिबाची, कॅट आपला



घरातलं पोर मोबाइलवर पत्ते खेळताना दिसलं की मोठ्यांच्या मनात पहिला शब्द येतो तो रमी. आणि रमीच्या मागोमाग पैसे. ऑनलाइन रमीपायी कर्जबाजारी झालेल्यांच्या बातम्या आपण इतक्या वाचल्या आहेत की ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण त्याच स्क्रीनवर, तसेच दिसणारे पत्ते घेऊन एक अगदी वेगळा खेळही चालू असू शकतो. त्यात पैसा लावायचा नसतो, समोर दुसरा माणूस नसतो, आणि बहुतेक वेळा आपण हरतो. तरीही जगभरात लाखो लोक तो पुन्हा पुन्हा खेळतात.

या प्रकाराचं नाव जरा लांबलचक आहे: टॅक्टिकल रोगलाइक डेकबिल्डर. नाव ऐकून डोकं धरू नका. मेंढीकोट खेळता येणाऱ्या कुणालाही हा खेळ अर्ध्या तासात समजतो. तो काय आहे, त्याची ओढ कशात आहे आणि घरातल्या मोठ्यांनी त्याकडे कसं पाहावं, हे सांगण्यासाठी हा लेख.

नावाची फोड

आधी 'रोगलाइक'. १९८० च्या सुमारास अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोघांनी 'रोग' नावाचा गेम लिहिला. पुढे केन अर्नोल्डही त्यांना येऊन मिळाला. चित्रं नव्हतीच. नायक म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असतं ते ॲट चिन्ह, राक्षस म्हणजे इंग्रजी अक्षरं. पण त्यात दोन गोष्टी होत्या. प्रत्येक डावात भुयाराचा नकाशा नव्याने तयार व्हायचा, आणि नायक मेला की खेळ संपला. पुन्हा पहिल्यापासून. या दोन नियमांवर चालणाऱ्या खेळांना रोगलाइक, म्हणजे 'रोग'सारखे, म्हणतात.

आता 'डेकबिल्डर'. डेक म्हणजे आपला पत्त्यांचा कॅट. डोनाल्ड व्हॅकारिनो यांचा 'डॉमिनियन' हा खेळ २००८ मध्ये आला. तो कॉम्प्युटरवरचा नव्हता, टेबलावर बसून खेळायचा होता. प्रत्येक भिडूला सुरुवातीला सारखीच १० साधी पानं मिळतात. त्यातली ५ हातात घ्यायची, त्यांच्या जोरावर चांगली पानं विकत घ्यायची आणि ती आपल्याच कॅटमध्ये मिसळायची. थोडक्यात, कॅट बनवणं हाच खेळ. २००९ मध्ये त्याला जर्मनीतला मानाचा 'श्पील देस यारेस' पुरस्कार मिळाला.

या दोन्ही प्रवाहांचा मेळ लोकप्रिय केला अँथनी जोव्हानेटी आणि केसी यानो या दोघांनी. त्यांच्या 'मेगा क्रिट' या छोट्या कंपनीचा 'स्ले द स्पायर' नोव्हेंबर २०१७ मध्ये अर्धवट अवस्थेत खेळायला खुला झाला आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण झाला. या प्रकाराचे डझनांनी खेळ त्यानंतर आले. पण पाया समजून घ्यायला आजही हाच बरा, म्हणून पुढची उदाहरणं त्यातलीच.

एक लढत, तीन फेऱ्या

खेळ असा: एका उंच मनोऱ्यावर चढायचं. वाटेत शत्रू भेटतात, त्यांच्याशी पत्त्यांनी लढायचं. पहिल्या नायकाकडे ८० जीव असतो आणि कॅटमध्ये १० पानं असतात. ५ 'वार', ४ 'ढाली' आणि १ 'दणका' (ही मराठी नावं माझी). दर फेरीत ५ पानं हातात येतात आणि खर्चायला ३ शक्ती मिळते. वाराला १ शक्ती लागते आणि शत्रूचा ६ जीव जातो. ढालीलाही १ शक्ती लागते आणि ती ५ चा मार अडवते. दणक्याला २ शक्ती लागते. तो ८ चा फटका देतो आणि शत्रूला दोन फेऱ्या उघडा पाडतो. उघड्या शत्रूला प्रत्येक फटका दीडपट बसतो. फेरी संपली की हातातली उरलेली पानंही टाकायची आणि गठ्ठ्यातून नवी ५ घ्यायची. गठ्ठा संपला की टाकलेली पानं पिसून पुन्हा गठ्ठा.

आता लढत पाहू. समोर पक्ष्याचं सोंग घेतलेला एक बुवा आहे. तो खरोखरच कावकाव करतो! त्याचा जीव समजा ५०. या खेळात शत्रू पुढच्या चालीत काय करणार हे त्याच्या डोक्यावर आधीच दिसतं. बुवा पहिल्या फेरीत मारत नाही, नुसता मंत्र म्हणतो. दुसऱ्या फेरीत ६ चा फटका देतो, तिसरीत ९ चा, चौथीत १२ चा. म्हणजे जितका उशीर तितका मार.

आपल्या हातात आलंय: दणका, दोन वार, दोन ढाली. बुवा या फेरीत मारणार नाही, तेव्हा ढालीचा काहीच उपयोग नाही. नवखा भिडू दोन वार करतो: १२. जाणता भिडू दणका आणि एक वार करतो: ८ अधिक दीडपट ६, म्हणजे ९. एकूण १७. फरक फक्त ५ चा वाटतो ना? थांबा.

कॅट दहाच पानांचा आहे. पाच हातात येऊन गेली, म्हणजे दुसऱ्या फेरीत उरलेली पाचच येणार: तीन वार, दोन ढाली. यात नशिबाचा संबंधच नाही. नवख्याचे तीन वार १८ चे. जाणत्याचा शत्रू अजून उघडा आहे, त्यामुळे त्याचे तेच तीन वार २७ चे. एकाची बेरीज ३०, दुसऱ्याची ४४.

तिसऱ्या फेरीत पानं पिसली जातात, काय येईल ते सांगता येत नाही. पण जाणत्याला आता फक्त ६ हवेत. कॅटमध्ये ढाली चारच आणि पानं येणार पाच. म्हणजे किमान एक तरी वार किंवा दणका येणारच! बुवा खलास, आपला ६ जीव गेला. नवख्याला मात्र अजून २० हवेत आणि या कॅटमधून एका फेरीत जास्तीत जास्त १८ निघतात. त्यामुळे त्याला ९ चा फटकाही बसणार. ढाल वापरली नाही तर त्याचा १५ जीव गेला.

हातात आलेली पानं दोघांना सारखीच होती. निकाल ६ आणि १५ असा वेगळा लागला.

खेळाची पहिली ओढ इथे आहे. आकडे लहान आहेत, बेरीज-वजाबाकी तोंडी होते, काहीही लपवलेलं नाही. घड्याळ लावलेलं नाही, त्यामुळे एका फेरीवर दहा मिनिटं विचार केला तरी कुणी ओरडत नाही. मेंढीकोटात भिडूने कोणती दश्शी धरून ठेवलीय हे ओळखताना डोकं जसं चालतं, तसंच इथे चालतं.

पान नाकारायची कला

प्रत्येक लढत जिंकली की तीन नवी पानं समोर येतात. त्यातलं एक घ्या किंवा एकही घेऊ नका. नवा खेळाडू अर्थातच प्रत्येक वेळी घेतो. फुकट मिळतंय तर का सोडा? आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत शिकलेला धडा!

पण हिशोब पाहा. दहा पानांच्या कॅटमध्ये आपलं सगळ्यात भारी पान पहिल्याच हातात येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे ५० टक्के. कॅट २० पानांचा झाला की २५ टक्के. ३० चा झाला की जेमतेम १७ टक्के. साध्या लढती बहुधा चार-पाच फेऱ्यांत संपतात. तीस पानांचा कॅट पूर्ण फिरायला सहा फेऱ्या लागतात. म्हणजे ज्या पानाच्या भरवशावर आपण मनोरा चढतोय, ते लढत संपेपर्यंत हातात येणारच नाही, असंही होऊ शकतं.

म्हणून या खेळात दुकानात जाऊन पैसे देऊन पान काढून टाकता येतं. पहिलं पान काढायला ७५ सोन्याची नाणी, आणि दर खेपेला भाव २५ ने वाढतो. ही नाणी खेळातलीच, खिशातली नव्हेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पान घ्यायला पैसे देणं समजतं, पण टाकायला? तरीही जाणते खेळाडू खुशीने देतात आणि सुरुवातीचे साधे वार एकेक करून काढून टाकतात. शिवाय शत्रूही आपल्या कॅटमध्ये निरुपयोगी पानं घुसडतात, ती हातात आली की जागा अडवून बसतात.

माझा एक भाचा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एकदा तो शेवटच्या मोठ्या शत्रूपाशी जाऊन हरला आणि म्हणाला, "मामा, लकच नाही बघ आज." या गेममध्ये झालेल्या डावाची पूर्ण नोंद राहते: कोणत्या मजल्यावर कोणती तीन पानं समोर आली, त्यातलं काय घेतलं. आम्ही ती नोंद वाचत बसलो. त्याच्या कॅटमध्ये ३९ पानं होती. प्रत्येक लढतीनंतर त्याने एक पान घेतलं होतं आणि त्यातलं प्रत्येक पान एकेकटं पाहिलं तर चांगलंच होतं. पण त्याचं हुकमी पान आठ फेऱ्यांतून एकदा हाताला लागत होतं. थोडा वेळ तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे मी हरलो ते चौथ्या मजल्यावरच की!"

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. प्रोग्राम बंद पडतो एका ठिकाणी आणि चूक असते भलतीकडे, कितीतरी आधी. लॉग वाचून मागे मागे जात ती शोधायची. हा गेम बनवणाऱ्यांनीही हेच केलं. जोव्हानेटींनी २०१९ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये यावर भाषण दिलं होतं. खेळणाऱ्यांच्या डावांची आकडेवारी गोळा करायची, कोणतं पान फार घेतलं जातं, कोणतं कुणी घेतच नाही हे पाहायचं आणि त्यावरून पानांचे आकडे कमी-जास्त करायचे, अशी त्यांची पद्धत होती.

नशीब कुठे ठेवलंय?

पत्ते म्हटले की नशीब आलंच. पण नशीब खेळात कोणत्या जागी बसवलंय यावर सगळं अवलंबून असतं.

काही गेममध्ये आपण नेम धरतो, स्क्रीन सांगते की लागण्याची शक्यता ८० टक्के आहे, आपण गोळी झाडतो आणि ती हुकते. 'एक्सकॉम' हा युद्धाचा गेम खेळलेल्यांना हा मनस्ताप पाठ आहे. इथे नशीब निर्णयाच्या नंतर येतं. आपण बरोबर वागलो, तरी फासा उलटा पडला.

'स्ले द स्पायर'मध्ये वार म्हणजे ६, नेहमीच ६. तो हुकत नाही. नशीब येतं ते आधी: कोणती पानं येणार, वाटेत कोण भेटणार. एकदा पानं हातात आली की पुढची सूत्रं बहुतेक आपल्याकडे. मेंढीकोटातही असंच आहे. वाटलेली पानं नशिबाची, उतारी आपली. हा गेम त्यापुढे एक पाऊल जातो. मेंढीकोटात ५२ पानांचा कॅट ठरलेला असतो, इथे कोणत्या पानांतून वाटप व्हावं हेही हळूहळू आपणच ठरवतो. आजच्या हातावर आपला ताबा नसतो. पण पुढच्या पन्नास हातांची गुणवत्ता आजच्या निवडीवर ठरते.

मला वाटतं, या प्रकाराची खरी मोहिनी इथेच आहे. बुद्धिबळात नशीब नाही, त्यामुळे हरलो की सगळा दोष आपला, आणि तो काही जणांना झेपत नाही. सापशिडीत सगळंच नशीब, त्यामुळे जिंकूनही हाताशी काही लागत नाही. हा खेळ दोन्हींच्या मधोमध उभा आहे आणि दर डावाला एक प्रश्न विचारतो: यातलं तुझं किती आणि योगायोगाचं किती?

हा प्रश्न नीट विचारता येणं ही साधी गोष्ट नाही. बारावीचा निकाल, सीईटीचा रँक, कॅम्पसमधली पहिली मुलाखत, नोकरकपात, सगळीकडे या दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. निकाल वाईट आला म्हणजे निर्णय वाईटच होता असं नाही, आणि निकाल चांगला आला म्हणजे आपण शहाणेच ठरलो असंही नाही. मुलांना हे व्याख्यान देऊन पटत नाही, मोठ्यांनाही पटत नाही. पण चाळीस डाव हरल्यावर ते हळूहळू अंगवळणी पडतं, कारण इथे हरण्याची किंमत फक्त एक संध्याकाळ असते.

मेलो, पुन्हा सुरू

जीव शून्यावर आला की डाव संपला. जमवलेली पानं, नाणी, जादूच्या वस्तू, सगळं गेलं. पुन्हा तीच १० पानं घेऊन पहिला मजला. सुरुवातीच्या काळात काही नवी पानं आणि नायक खुले होतात, पण आधीच्या डावातली ताकद पुढच्या डावात येत नाही. पुढच्या डावात येतं ते फक्त आपल्याला काय समजलं ते.

मोबाइलवरच्या पुष्कळ फुकट गेममध्ये हरताक्षणी पाटी येते: इतके रुपये द्या आणि पुढे खेळा, नाहीतर जाहिरात बघा. तिथे हरणं हा विक्रीचा क्षण असतो. त्यामुळे खेळणारा वारंवार आणि जेमतेम हरावा, यातच बनवणाऱ्याचा फायदा. 'स्ले द स्पायर' एकदा विकत घेतला की संपलं. आत दुकान आहे, पण त्यात खऱ्या पैशाने काही मिळत नाही. जाहिराती नाहीत. खेळणाऱ्याला हरवून कुणाचा खिसा भरत नाही, म्हणून हरणं प्रामाणिक राहतं.

एकदा जिंकलात की 'असेन्शन' नावाच्या २० पायऱ्या खुल्या होतात. प्रत्येक पायरीवर खेळ थोडा अवघड होतो आणि आधीच्या अडचणी तशाच राहतात. विसावी पायरी चढणारे मोजकेच. तरी पहिल्या पायरीचा आनंद कमी नसतो.

वेंगुर्ला रस्त्यावरचा जुना कॅट

कॅटचं वेड आपल्याकडे परदेशातून कॉम्प्युटरबरोबर आलं असं समजू नका. आमच्या हिंडलग्यावरून जो वेंगुर्ला रस्ता जातो, तो शिनोळी, चंदगडचा भाग आणि आंबोलीचा घाट करत सावंतवाडीला उतरतो. तिथल्या राजवाड्यात आजही हाताने रंगवलेले गंजिफा बनतात: गोल, लाखेचं रोगण चढवलेले पत्ते.

गंजिफा हिंदुस्थानात जुना. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. पुढे त्याला आपला साज चढला तो दशावतारी गंजिफ्यात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० अवतार म्हणजे १० रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत १० पानं, अशी १२. एकूण १२० पानं. तिघांत वाटली की प्रत्येकी ४०!

त्यातला एक नियम आजच्या गेम बनवणाऱ्यालाही हेवा वाटावा असा आहे. दहापैकी पाच रंगांत राजा-प्रधानाच्या खाली दश्शी सगळ्यात मोठी आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या पाच रंगांत बरोबर उलटं, एक्का मोठा आणि दश्शी लहान. शिवाय दिवसा खेळ सुरू झाला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा असलेल्याची. चाळीस पानं हातात धरून कोणता अवतार उलटा, कोणता सुलटा, कुणाचा प्रधान पडून गेला, हे सगळं ध्यानात ठेवायचं. स्मरण आणि हिशोब यांचा तो केवढा मोठा व्यायाम असेल!

विसाव्या शतकात ही कला जवळजवळ विझली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्वशिलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या जुन्या कारागिराच्या मदतीने ती पुन्हा उभी केली. त्यामुळे पत्ते वाचले. पर्यटक ते कौतुकाने घेतात, भिंतीवर लावतात. मात्र ते हातात धरून डाव मांडणारे आता फार कमी आहेत. वस्तू टिकली आणि खेळ मागे पडला. खेळ टिकतो तो खेळणाऱ्यांच्या डोक्यात आणि बोलण्यात.

पैसा आला की

आता त्या पहिल्या भीतीकडे येऊ. रमी कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, कारण त्यात पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं ठेवायचं आणि कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं. आपल्या कर्नाटकात २०२१ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांना बंदी करणारी दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला. त्यात कौशल्य की नशीब हा प्रश्नच बाजूला ठेवला आहे. खरा पैसा लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनाचे, शिक्षणाचे खेळ मात्र चालू राहावेत, वाढावेत, अशी भूमिका.

घरातल्या मोठ्यांनाही हीच कसोटी उपयोगी पडेल. स्क्रीनवर पत्ते दिसतात की नाही यावरून काही ठरत नाही. २०२४ मध्ये आलेला 'बलात्रो' हा गेम त्याचं चांगलं उदाहरण. त्यात पोकरचे हात आहेत, पण डाव लावायला पैसा नाही. हासुद्धा कॅट बनवायचाच खेळ. तरीही युरोपातल्या वयोगट ठरवणाऱ्या पेगी संस्थेने त्याला जुगाराच्या चित्रांमुळे १८ वर्षांवरील शिक्का मारला. अपील झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये तो १२ वर आणला.

तेव्हा मुलांच्या हातातला गेम पाहताना तीन प्रश्न विचारा. हरल्यावर तो पैसे मागतो का? मध्येच बंद केला तर शिक्षा करतो का, म्हणजे रोज उघडलाच पाहिजे असा तगादा लावतो का? आणि तिसरा प्रश्न मुलालाच: "का हरलास?" त्याचं उत्तर मुलाला देता आलं, निदान देण्याचा प्रयत्न करता आला, तर तो खेळ डोक्याला काही देतोय. "काय माहीत, परत लावतो," एवढंच उत्तर वारंवार येत असेल तर जवळ बसून पाहायला हवं.

यातही एक धोका आहे, तो झाकणार नाही. 'अजून एक डाव' ही या खेळांची जुनी खोड. पूर्ण डावाला तास-दीड तास सहज जातो, आणि नवा डाव सुरू करायला एक बटण पुरतं. सुदैवाने डाव मध्येच सोडून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे खेळता येतो. त्यामुळे "हा डाव संपल्यावर जेवायला येतो" हे कारण ऐकून घेऊ नका. ते खोटं आहे, ताट वाढा!

सुरुवात कुठून करावी

पत्त्यांची आवड असेल तर 'स्ले द स्पायर' किंवा 'बलात्रो'. दोन्ही कॉम्प्युटरवरही आहेत आणि मोबाइलवरही. बुद्धिबळाची आवड असेल तर २०१८ चा 'इन्टू द ब्रीच'. त्यात पत्ते नाहीत, ८ गुणिले ८ चा पट आहे, आणि प्रत्येक शत्रू कुठे मारणार हे आधीच दिसतं. शत्रूला ढकलून त्याचा फटका त्याच्याच भिडूला बसवण्यात जी मजा आहे, ती वेगळीच. पट आणि पत्ते दोन्ही हवे असतील तर २०२१ चा 'फाइट्स इन टाइट स्पेसेस'. अरुंद खोलीत, लिफ्टमध्ये एकटा हेर दहा जणांना लोळवतो, अगदी हिंदी सिनेमातल्यासारखा, पण प्रत्येक ठोसा एक पान खर्चून. 'टॅक्टिकल' म्हणतात ते हेच: कोणतं पान टाकता याइतकंच कुठे उभं राहून टाकता हे महत्त्वाचं.

घरात मिळून खेळायचं असेल तर एक युक्ती. 'स्ले द स्पायर'मध्ये रोजचा एक ठरावीक डाव असतो. त्या दिवशी जगात सगळ्यांना तोच नकाशा, तेच शत्रू, समोर येणारी पानंही तीच. कॉम्प्युटरचं 'पिसणं' हे मुळात गणित असतं. सुरुवातीचा आकडा सारखा दिला की क्रमही सारखाच निघतो. बेळगावात बसलेला भाऊ आणि पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसलेली बहीण एकच डाव खेळून रात्री फोनवर भांडू शकतात: "तिसऱ्या मजल्यावर तू ते पान का घेतलंस?" नशीब दोघांना सारखंच मिळालेलं असतं, त्यामुळे भांडण फक्त निर्णयांवर होतं. भावाबहिणींनी भांडायला याहून चांगला विषय मला तरी माहीत नाही.

एक तक्रार मात्र राहते. मी हे खेळ खेळलो ते इंग्रजीतच. वार, ढाल, उतारी, हुकूम, भिडू, मेंढी, कोट. पत्त्यांसाठी केवढा मोठा शब्दसाठा आपल्या भाषेत आहे! सावंतवाडीच्या दशावतारी कॅटवर एखादा असा गेम का बनू नये? दहा रंग तयार आहेत, उलट-सुलट क्रमाचा नियम तयार आहे, चित्रं तर आहेतच. आपल्या मंडळातली निम्मी तरुण मुलं कोड लिहिणारी आहेत. कुणी मनावर घेणार असेल तर रविवारी चाचणी घ्यायला मी तयार आहे.

तोवर एक सोपं काम सगळ्यांनाच करता येईल. तुमच्या घरी, आजोळी, वाड्यात पत्त्यांचे कोणते डाव खेळले जायचे, त्यांचे नियम काय होते, आमच्याकडचे आणि तुमच्याकडचे नियम कुठे वेगळे होते, ते आजी-आजोबांना विचारून लिहून काढा आणि मंडळाकडे पाठवा. सावंतवाडीत पत्ते उरले आणि खेळणारे विरळ झाले. आपल्याकडे निदान नियम तरी राहू देत.